चिमणी सर्व्हिसिंग: जाळी चकचकीत, पण ब्लोअरचं काय?

स्वयंपाकघरातल्या चिमणीची सर्व्हिसिंग साधारण तीन नावांनी विकली जाते: साधी सफाई, डीप क्लीनिंग आणि वार्षिक करार. दर वेगवेगळे असतात, पण पैसे वसूल झाले की नाही हे एकाच गोष्टीवरून कळतं. मेकॅनिकने ब्लोअर, म्हणजे धूर ओढणारा आतला पंखा, खाली उतरवला का?

साध्या सफाईत फिल्टर धुतात, काच पुसतात, तेलाची वाटी रिकामी करतात. एवढ्यासाठी पैसे मोजू नयेत. स्टीलच्या वाकवलेल्या पट्ट्यांचा बॅफल फिल्टर महिन्यातून एकदा आणि बारीक जाळीचा फिल्टर आठ-दहा दिवसांनी, कडकडीत पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून अर्धा तास भिजवला की घरीच स्वच्छ होतो. जाळी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर कॉस्टिक सोडा अजिबात वापरू देऊ नका. तो तेलाबरोबर धातूही खातो. जाळी आधी काळी पडते, मग तारा तुटायला लागतात. नवा फिल्टर नंतर आपल्याच बिलात येतो.

डीप क्लीनिंगला मात्र पैसे द्यावेत, काम पूर्ण होत असेल तर. प्लग काढायचा, फिल्टर आणि वाटी बाजूला ठेवायची, ब्लोअरच्या कवचाचे स्क्रू सोडवून पंखा शाफ्टवरून अलगद ओढायचा. पंख्याच्या पातींमध्ये तेल मेणासारखं साचलेलं दिसतं. ते एका बाजूला जास्त झालं की तोल जातो, चिमणी थरथरते, घरघरते आणि शेवटी मोटारीचं बेअरिंग जातं. पातींवर कुठे कुठे छोटी धातूची क्लिप असते. तो कचरा नव्हे, कारखान्यात तोल साधायला लावलेलं वजन आहे. घासताना ती निघून पडली तर स्वच्छ झालेला पंखाच आधीपेक्षा जास्त आवाज करतो. मोटारीवर आणि सर्किट बोर्डावर फवारा मारायचा नसतो, कापडाने पुसायचं असतं. सगळं पूर्ण सुकवून मगच जोडायचं. या कामाला दीड-दोन तास सहज लागतात. वीस मिनिटांत आटोपलं तर साधी सफाईच झाली, बिलावर काहीही लिहिलेलं असो. वर्षातून एकदा पुरे, तळण जास्त असेल तर दोनदा.

‘ऑटो क्लीन’ चिमणीला सर्व्हिसिंग लागत नाही, हा समज महागात पडतो. आतलं हीटर पंख्याभोवतीचं तेल वितळवून वाटीत उतरवतं, बस. डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, त्याने साफ होत नाही.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त पैसे जातात ते चुकीच्या निदानापायी. बटण दाबल्यावर मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि ‘मोटार जळली’ असं सांगितलं जातं. वीज बंद असताना पंखा हाताने मोकळा फिरत असेल तर आधी कपॅसिटर, म्हणजे मोटारीला फिरायला जोर देणारा छोटा भाग, तपासायला सांगा. तो मीटरवर मोजता येतो, आणि दुरुस्तीच्या सुट्या भागांत जवळपास सगळ्यात स्वस्त तोच. मोटार सगळ्यात महाग, त्याखालोखाल सर्किट बोर्ड. टच पॅनल अडकत असेल तर बोर्ड बदलण्याआधी पॅनलला बोर्डाशी जोडणारी वायरची पट्टी काढून, सुकवून परत बसवून पाहावी. वाफ आणि तेलाने तिथला संपर्क बिघडतो. मोटार आणि बोर्ड दोन्ही एकदम गेले आणि एकूण खर्च नव्या चिमणीच्या निम्म्यापुढे जात असेल, तर दुरुस्तीचा हट्ट सोडावा.

ओढ कमी झाल्याची तक्रार बऱ्याचदा यंत्राची नसतेच, डक्टची असते. चिमणीचं तोंड 6 इंचांचं आणि पुढे पाइप 4 इंचांचा जोडला, तर हवेला 44 टक्केच वाट उरते. आवाज वाढतो, धूर घरातच फिरतो आणि मोटारीला दोष येतो. प्रत्येक काटकोनी वळणानेही ओढ घटते. घडीच्या लवचीक पाइपाच्या चुण्यांत साचलेलं तेल नीट निघत नाही आणि ते पेट घेऊ शकतं, त्यामुळे असा पाइप घासत बसण्यापेक्षा बदलावा. बाहेरच्या टोकाची झडप तेलाने चिकटलेली आहे का, तिथे पक्ष्याने घरटं केलंय का, हेही पाहून घ्यावं.

वार्षिक करार घेताना सुटे भाग धरलेत की नुसती मजुरी, हे लेखी घ्या. सुटे भाग धरलेल्या करारातही काच, दिवे आणि फिल्टर बऱ्याचदा वगळलेले असतात. चिमणी वॉरंटीत असेल तर कार्ड आधी वाचा. मोटारीची वॉरंटी लांब असली तरी भेटीचे आणि मजुरीचे पैसे बहुधा वेगळेच लागतात.

बिल तीन ओळींत मागा: भेट, मजुरी, सुटे भाग. बदललेला जुना भाग हातात घ्या. पैसे देण्याआधी चिमणी सगळ्यात कमी वेगावर लावून फिल्टरला वर्तमानपत्राचा पातळ कागद टेकवा. तो चिकटून राहिला पाहिजे. मग सर्वात जास्त वेगावर दोन मिनिटं चालवून काचेवर हात ठेवा. थरथर जाणवली तर पंखा पुन्हा उतरवायला सांगा, त्याच भेटीत.