जैविक वय सांगणारे पॅकेज : लातूरमधील एक अनुभव

माझ्या आईला बासष्टाव्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला होता. मी स्वतः साठीकडे झुकल्यामुळे लातुरातील एका खासगी प्रयोगशाळेचे ‘जैविक वय व मेंदूविकारांची जोखीम’ हे ३,८०० रुपयांचे पॅकेज घेतले. नमुना घेणारा मुलगा ठरल्या वेळी, सकाळी साडेसहाला, औसा रस्त्यावरील घरी आला, एकाच टोचणीत रक्त घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी मोबाइलवर रिपोर्ट मिळाला. सेवेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती रिपोर्टबद्दल.

जन्मतारखेप्रमाणे माझे वय ५८, तर रिपोर्टप्रमाणे जैविक वय, म्हणजे शरीराच्या झिजेवरून काढलेले वय, ६४. त्याखालच्या लाल पट्ट्यात पक्षाघात, स्मृतिभ्रंश आणि पार्किन्सन या तिन्हींची जोखीम ‘वाढलेली’ असे छापले होते. हे वाचून घरात दोन दिवस कोणाला धड जेवण गेले नाही.

ही डीएनएची तपासणी असावी, असा माझा समज होता. डीएनएवरील ३५३ ठिकाणच्या रासायनिक खुणांवरून वय काढण्याची पद्धत संशोधक स्टीव्ह होरवाथ यांनी २०१३ मध्ये मांडली; हे पॅकेज मात्र तसले नाही. शेवटच्या पानावरील बारीक अक्षरांनुसार यात ‘फिनोएज’ हे २०१८ मधले सूत्र वापरले आहे. अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, साखर, शरीरातील दाह दाखवणारा सीआरपी, अल्कलाइन फॉस्फटेज, पांढऱ्या पेशींची संख्या, त्यांतील लिम्फोसाइटचे प्रमाण, लाल पेशींचा सरासरी आकार म्हणजे एमसीव्ही आणि त्या आकारातील तफावत म्हणजे आरडीडब्ल्यू, असे नऊ आकडे आणि जन्मतारखेचे वय त्यात घालतात. यांपैकी बहुतेक तपासण्या तालुक्याच्या लॅबमध्येही होतात.

खरी गोष्ट याच नऊ आकड्यांत दडलेली होती. माझा एमसीव्ही १०४ होता आणि आरडीडब्ल्यूही वाढलेला होता. या सूत्रात दोन्ही वाढले की वय वाढते. अंबाजोगाईच्या परिचित डॉक्टरांनी रिपोर्ट पाहताच पहिला प्रश्न विचारला, “मेटफॉर्मिन किती वर्षांपासून घेता?” मी शाकाहारी आहे आणि मधुमेहाची ती गोळी आठ वर्षांपासून चालू आहे. या दोन्ही कारणांनी बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, ते कमी झाले की लाल पेशी मोठ्या होतात आणि मज्जातंतूंनाही इजा पोचते. वेगळी तपासणी केल्यावर बी-१२ फारच कमी निघाले. वर्षभर तळपायांना येणाऱ्या मुंग्यांचा उलगडाही तेव्हाच झाला. मेंदूविकारांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पॅकेजमध्ये बी-१२ नसावे, याचे मला अजून आश्चर्य वाटते. शिवाय नमुना देण्याच्या दहा दिवस आधी मला ताप येऊन गेला होता. तापात वाढणारा सीआरपी थेट या हिशेबात धरला जातो, तरी अर्जात त्याबद्दल एक प्रश्नही नव्हता.

जोखमीच्या लाल पट्ट्याला आधार नाही, असे म्हणता येणार नाही. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी ब्रिटनमधील सव्वातीन लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून २०२३ मध्ये दाखवले, की जैविक वय पाच वर्षांनी जास्त असलेल्यांमध्ये रक्तवाहिन्यांशी निगडित स्मृतिभ्रंश आणि पक्षाघाताची जोखीम सुमारे ४० टक्क्यांनी अधिक होती. याचा अर्थ शंभरातील चाळीस जणांना तो होतो असा नव्हे, तर मुळातील जोखीम तेवढ्या टक्क्यांनी वाढते असा आहे. पण रिपोर्टमध्ये हे कोठेही सांगितलेले नाही. पार्किन्सनशी असा ठळक संबंध त्या अभ्यासात आढळलाच नव्हता, मग तो याच लाल पट्ट्यात कशासाठी? त्या संशोधनात रक्तदाब आणि फुप्फुसांच्या क्षमतेसह १८ निर्देशक होते. येथे माझ्या दंडाला बीपीचा पट्टादेखील बांधला गेला नाही, आणि पक्षाघाताच्या टाळता येण्याजोग्या कारणांत उच्च रक्तदाबाचा क्रमांक पहिला आहे.

म्हणून पाचपैकी दोन तारे, आणि तेही नमुना घेणाऱ्या मुलाच्या हाताला व वक्तशीरपणाला. घ्यायचेच असेल तर ताप उतरून महिना होऊ द्या आणि वयाच्या आकड्याआधी नऊही ओळी डॉक्टरांना दाखवा. बी-१२ची इंजेक्शने सुरू होऊन तीन महिने झाल्यावर मी जवळच्या लॅबमध्ये साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, केला, त्यात एमसीव्ही ९३ आला. जैविक वय मात्र पुन्हा काढून घेतलेले नाही.