रोजच्या वापरासाठी फॅट टायरची सायकल घ्यावी का? ठाणे-नवी मुंबईच्या रस्त्यांवरची तुलना

रोज सायकलने कामावर जायचे ठरवून माणूस दुकानात शिरला, की त्याची नजर सर्वांत आधी चार इंच रुंद टायरच्या सायकलीवर खिळते. घोडबंदरचा सेवारस्ता किंवा ठाणे-बेलापूर रस्त्याची कडा ज्याने पावसाळ्यात पाहिली आहे, त्याला खड्ड्यांवरचे उत्तर त्या टायरमध्येच आहे असे वाटते. मलाही तसेच वाटले होते. मानपाड्याहून वागळे इस्टेटपर्यंतच्या सुमारे सहा किलोमीटरच्या रोजच्या येण्याजाण्यासाठी मी फॅट बाइक घेतली, एक पूर्ण पावसाळा धरून चौदा महिने ती चालवली, आणि आज त्याच रस्त्यावर सव्वादोन इंची टायरची सायकल वापरतो. त्या फॅट बाइकने मला जे दिले आणि जे घेतले, ते दोन्ही इथे मांडतो आहे.

तुलना तीन सायकलींची आहे. पहिली 26 × 4 इंच टायरची फॅट बाइक, दुसरी 700 × 35 ते 42 मिलिमीटर टायरची हायब्रिड, म्हणजे रस्त्यावरची वेगवान सायकल आणि माउंटन बाइक यांच्या मधला प्रकार, आणि तिसरी 27.5 किंवा 29 इंची चाकांची, दोन ते सव्वादोन इंच टायरची माउंटन बाइक, जिला आपल्याकडे सगळे एमटीबी म्हणतात. हातात पंधरा ते वीस हजार रुपये आहेत, घरात एकच सायकल मावणार आहे आणि तिच्यावरूनच ऑफिस, स्टेशन व बाजार व्हायचा आहे, असे मी धरले आहे. केवळ हौसेखातर दुसरी किंवा तिसरी सायकल घेणाऱ्याला यातले निम्मे मुद्दे लागू पडणार नाहीत.

सगळा खेळ हवेचा आहे

फॅट बाइक जन्माला आली ती बर्फात आणि वाळूत. अलास्कात 1987 मध्ये बर्फावरून सायकलींची लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली, तेव्हा नेहमीची चाके बर्फात रुतत असत. म्हणून तिथल्या कारागिरांनी दोन रिमा शेजारीशेजारी जोडून रुंद चाके बनवायला सुरुवात केली. न्यू मेक्सिकोच्या वाळूतही जवळपास त्याच काळात असेच प्रयोग चालले होते. अमेरिकेतल्या सर्ली कंपनीने 2005 मध्ये ‘पग्जली’ ही सायकल बाजारात आणली आणि हा प्रकार कारखान्यात तयार होऊन सर्वसामान्य दुकानांपर्यंत पोहोचला. हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की या टायरची रचना न रुतण्यासाठी झालेली आहे, आणि आपल्या रस्त्यांवर रुतण्याचा प्रश्न फारसा येत नाही. आपला प्रश्न धक्क्यांचा आहे.

मागच्या चाकावर साधारण 50 किलो, म्हणजे 110 पौंड भार येतो असे धरू. टायरमध्ये 60 पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला 60 पौंड दाबाची हवा असेल, तर त्या भारासाठी रस्त्याला टेकणारा भाग दोन चौरस इंचांहूनही कमी पुरतो. 20 पीएसआयला तो साडेपाच चौरस इंचांच्या आसपास जातो, तर 10 पीएसआयला अकरा. टायरची स्वतःची ताठरता सोडली तर हिशेब इतका सरळ आहे. हवा जितकी कमी, तितका टायर पसरतो, वाळूवर तरंगतो आणि खड्ड्याची कड पोटात घेतो. इतक्या कमी हवेवर अरुंद टायर चालवला, तर खड्ड्यात रिम थेट कडेवर आदळते आणि ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोके पडतात. फॅट टायरच्या पोटात हवेचे आकारमान मोठे असल्यामुळे त्याला ही मुभा मिळते.

परंतु पसरणारा टायर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि पुन्हा सरळ होतो. त्या दबण्या-उठण्यात रबर जी शक्ती गिळते, ती आपल्या मांड्यांमधून आलेली असते. हवा वाढवली की सायकल हलकी चालते, पण मग गादीही जाते. म्हणजे ज्या गुणासाठी आपण ही सायकल घेतो, त्याच गुणाची किंमत पायांना मोजावी लागते आणि या दोहोंची फारकत करता येत नाही. ही गोष्ट दुकानात कोणी समजावून सांगत नाही, आणि दुकानासमोरच्या पन्नास मीटरच्या फेरीत ती जाणवतही नाही.

रस्त्यावर प्रत्यक्ष काय होते

माझ्या सहा किलोमीटरांत पोखरण रोड क्रमांक 2 चा बराचसा बरा काँक्रीटचा भाग येतो, वर्तकनगरच्या बाजूची गर्दी येते आणि घराजवळ सेवारस्त्याचा एक तुकडा येतो, जो मेट्रोच्या कामापासून कधी पुरता सपाट झालाच नाही. या तुकड्यावर फॅट बाइकला तोड नाही, हे मी मनापासून सांगतो. डांबर आणि काँक्रीट जिथे मिळतात, तिथे चाकाच्या दिशेनेच जाणारी एक फट असते. हायब्रिडचे पुढचे चाक त्या फटीत शिरले की हँडल हातातून ओढले जाते. रस्त्याला समांतर गज असलेल्या गटाराच्या जाळ्यांचेही तसेच. चार इंची टायर या दोन्हींवरून बिनघोर जातो. पाणी साचून खड्ड्याची खोली दिसेनाशी होते, तेव्हा तर त्या टायरचा आधार फार मोठा वाटतो. जुलैमध्ये मागून बस येत असताना डबक्यातून सरळ जावे की बाजूला वळावे, हा रोजचा निर्णय फॅट बाइकने माझ्यापुरता सोपा केला होता.

बाकीच्या पाच किलोमीटरांवर मात्र हिशेब उलटतो. वाऱ्याची, वाहतुकीची परिस्थिती सारखीच असताना हायब्रिडवर जिथे चोवीस-पंचवीस मिनिटे लागत, तिथे फॅट बाइकवर तीस-एकतीस लागत. सहा मिनिटांचे फारसे काही वाटत नाही, परंतु ऑफिसात पोहोचल्यावर शर्ट बदलावा लागणे आणि न लागणे यांतला फरक त्या सहा मिनिटांत होता.

पुष्कळ जण याचा दोष वजनाला देतात. या किमतीतली फॅट बाइक सोळा ते वीस किलोंची असते आणि हायब्रिड तेरा-चौदाची. पण सत्तर किलोंच्या माणसासह पाहिले, तर पाच किलोंच्या फरकाने उड्डाणपुलाच्या चढावर सुमारे सहा टक्केच जास्त काम पडते. खरी ओढ टायरची असते, आणि दुसरी गिअरची. चाक 26 इंची म्हणून विकले जात असले, तरी चार इंची टायर चढवल्यावर त्याचा बाहेरचा व्यास 29 इंची चाकाइतका होतो. त्यामुळे 26 इंची साध्या एमटीबीवर जो गिअर चढाला हलका वाटतो, तोच इथे एका पायरीने जड पडतो. पुढे एकच दातेरी चक्र आणि मागे सात, अशा गिअरची फॅट बाइक घेऊन येऊरचा किंवा बेलापूरच्या बाजूने पारसिक डोंगराचा चढ चढून पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

हवेचा काटेकोरपणा हा दुसरा त्रास. हायब्रिडच्या 60 पीएसआयमधून चार कमी झाले तरी चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. फॅट टायरच्या 15 मधून चार गेले, म्हणजे पाव हिश्शाहून अधिक हवा गेली. तेव्हा सायकल उताराच्या कडेला स्वतःहून वळू पाहते आणि आपण तिला सतत सरळ करत राहतो. उलट जास्त हवा भरली, तर गतिरोधकावरून ती चेंडूसारखी उसळते, कारण टायर ही स्प्रिंग असली तरी तिची उसळी शमवणारे काही सोबत नसते. बऱ्याच प्रयोगांनंतर माझ्या वजनाला पुढे 16 आणि मागे 19 पीएसआय हे जमले. पेट्रोल पंपावर हवा भरता येते, व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखाच असतो, पण तिथल्या काट्यावर इतक्या खालच्या आकड्यांचा नेमका अंदाज येत नाही. म्हणून दर शनिवारी सकाळी गॅलरीत सायकल उभी करून, कमी दाब दाखवणारा वेगळा काटा लावून मी हवा तपासत असे. वर अंगठ्याने टायर दाबून पाहण्याची सवयही जडली. अंगठा किती रुतला यावरून सोमवार कसा जाणार हे कळत असे.

पायांच्या बाबतीत एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. इतक्या रुंद टायरच्या बाजूने साखळी नेण्यासाठी पेडल बसवण्याची नळी 100 मिलिमीटर रुंद करावी लागते; नेहमीच्या सायकलींमध्ये ती 68 किंवा 73 असते. परिणामी पाय जरा फाकवून पेडल मारावे लागतात. काहींना फरक जाणवत नाही. मला दोन महिन्यांनी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जाणवला, आणि सीट थोडी वर घेतल्यावर कमी झाला, पूर्ण गेला नाही.

सायकल उभी असते तेव्हा

रोजची सायकल दिवसातले तेवीस तास उभीच असते, म्हणून हा भाग किरकोळ समजू नये. स्टेशनबाहेरच्या लोखंडी स्टँडच्या खाचा अरुंद टायरसाठी केलेल्या असतात. दहा सेंटिमीटरचे चाक त्यांत बसत नाही आणि सायकल कडेला तिरकी लावावी लागते. घोड्याच्या नालेसारखे मजबूत कुलूप टायर, रिम आणि फ्रेम यांना एकत्र कवेत घेऊ शकत नाही, तेव्हा जाड साखळी घ्यावी लागते, जी स्वतःच दोन किलोंची असते. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये सायकल मागच्या चाकावर उभी करून न्यावी लागते. हायब्रिड एका हाताने उभी राहते. फॅट बाइक मी छातीशी धरून उभी करत असे आणि पावसाळ्यात टायरच्या खाचांतला चिखल लिफ्टच्या आरशाला लागत असे. सोसायटीत याविषयी दोनदा बोलणे झाले, आणि त्यात समोरच्यांची बाजू बरोबर होती.

मडगार्डचा मुद्दा पावसाळ्याआधीच पाहून घ्यावा. चार इंच रुंद टायरला पुरेल असे मडगार्ड प्रत्येक दुकानात मिळत नाही, आणि तो टायर डबक्यातले पाणी अरुंद टायरपेक्षा कितीतरी जास्त उडवतो. ट्यूबचेही तेच: पंक्चर कुठेही काढून मिळते, ठिगळ तेच असते, पण ट्यूब फाटली तर त्या मापाची नवी ट्यूब कोपऱ्यावरच्या दुकानात असेलच असे नाही. एक जादा ट्यूब घरी आणून ठेवावी. गंज, साखळीचे तेल आणि खाडीवरचा खारा वारा या बाबतीत तिन्ही सायकलींचे नशीब एकच आहे.

ओल्या रस्त्याविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. शेवाळलेले पेव्हर ब्लॉक, रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणे यांवर टायरची रुंदी वाचवत नाही. तिथे तिन्ही सायकली सारख्याच घसरतात, आणि वळताना वेग कमी करणे हाच उपाय आहे.

मग कोणी काय घ्यावे

नेरुळ किंवा सीवूड्सहून पाम बीच मार्गाने वाशीला रोज जाणाऱ्याने फॅट बाइकचा विचार सोडून द्यावा. चांगल्या डांबरावर, खाडीचा वारा समोरून येत असताना, आठ-दहा किलोमीटर तो टायर ओढणे ही निष्कारण शिक्षा आहे. तिथे 35 किंवा 38 मिलिमीटरची हायब्रिड हीच योग्य सायकल. उलवे किंवा द्रोणागिरीच्या ज्या भागांत बांधकामाचे डंपर रस्ता पुन्हापुन्हा उखडतात, तिथे राहून तीन-चार किलोमीटरच जाणाऱ्याला, घर तळमजल्यावर असलेल्याला, आणि आठवड्याला एकदा तरी उरणच्या पीरवाडी किनाऱ्यावर किंवा अलिबागच्या बाजूला वाळूत सायकल घालणाऱ्याला फॅट बाइक खरा आनंद देईल, आणि त्याने ती निःसंकोच घ्यावी. भारी शरीराच्या आणि बऱ्याच वर्षांनी सायकलवर बसणाऱ्या माणसालाही त्या टायरमुळे जो स्थिर भरवसा वाटतो, त्याला मी कमी लेखणार नाही.

मधल्या सगळ्यांसाठी, आणि ठाण्यात बहुतेक जण या मधल्यांतच मोडतात, मी दोन ते सव्वादोन इंच टायरची एमटीबी सुचवेन. मात्र तिचे खोल नक्षीचे टायर घेतानाच बदलून कमी नक्षीचे बसवून घ्यावेत आणि हवा 30 ते 35 पीएसआयच्या आसपास ठेवावी. माझ्या अनुभवात खड्ड्यांपासूनचा निम्म्याहून अधिक आराम यातच मिळतो, आणि वेळ हायब्रिडपेक्षा दोनच मिनिटे जास्त लागतो. या किमतीत पुढचा सस्पेन्शन फोर्क, म्हणजे धक्के शोषणारा चिमटा, मिळत असेल तर त्यावर भाळू नये. तो बहुधा वजन वाढवतो आणि दोन पावसाळ्यांत आखडतो. साधा, सरळ फोर्क असलेली सायकल मिळाली तर ती आधी पाहावी.

बॅटरीवरची फॅट बाइक हा वेगळा विषय आहे. मोटर टायरची ओढ झाकते हे खरे, पण वजन आणखी वाढते आणि लिफ्टचा प्रश्न बिकट होतो. घेणाऱ्याने एवढे तपासावे, की मोटर 250 वॉटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आहे; त्यापुढे गेल्यास ती कायद्याने नोंदणी आणि परवाना लागणारे वाहन ठरते.

एवढे वाचूनही मन फॅट बाइककडेच ओढ घेत असेल, तर पैसे देण्याआधी दुकानदाराकडे अर्ध्या तासाची फेरी मागावी. टायरमध्ये आधी 20 पीएसआय भरून घ्यावे, जवळचा एक उड्डाणपूल चढून उतरावा, मग हवा 12 वर आणून तोच पूल पुन्हा चढावा. नंतर इमारतीच्या लिफ्टची आतली लांबी मोजावी, कारण सायकल सुमारे 180 सेंटिमीटरची असते. माझी फॅट बाइक आता उरणला मामेभावाकडे आहे. तो ती संध्याकाळी किनाऱ्यावर नेतो, टायरमध्ये आठच पीएसआय हवा ठेवतो, आणि भरतीच्या रेषेजवळच्या मऊ वाळूवर तिचा जो ठसा उमटतो, तो तळहाताएवढा रुंद आणि नखभरही खोल नसतो.