जुन्या जिप्सीला नवे फेंडर फ्लेअर: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

गाडी २००२ ची मारुती जिप्सी किंग, एमपीएफआय (इंधन इंजेक्शनचं इंजिन), सॉफ्ट टॉप (कापडी छत). वापर रत्नागिरीच्या आसपास, म्हणजे खारा वारा आणि जांभ्याचा लाल चिखल. मार्चमध्ये चारही फ्लेअर, म्हणजे चाकांच्या कमानींवर बसणाऱ्या बाहेर आलेल्या पट्ट्या, बदलले, आता नोव्हेंबर चालू आहे. मधला पूर्ण पावसाळा गाडी रोज बाहेर होती.

जिप्सीला फ्लेअर शोभेसाठी नसतो. १९९३ साली मारुतीने हिचा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, ९० मिलिमीटरने वाढवला, तेव्हा चाकं बाहेर आली आणि बॉडी तेवढीच राहिली. फ्लेअर तुटका असेल तर चाकाने उडवलेला चिखल थेट दारावर आणि मागच्या काचेवर येतो. माझे मूळ फ्लेअर उन्हाने कडक होऊन स्क्रूपाशी तडकले होते.

बाजारात फायबरचे आणि एबीएसचे (एक चिवट प्लास्टिक) असे दोन्ही मिळतात. फायबरचा फ्लेअर फुटला तर गावातला कारागीरसुद्धा जोडून देतो, पण करवंदीच्या जाळीत घासला की काठाचा टवका उडतो. एबीएस वाकतो आणि परत जागेवर येतो. मी एबीएसचे घेतले, तेही मूळ मापाचे. रुंद फ्लेअर आणि रुंद टायरचा मोह असेल त्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत फेरफार करण्याबद्दलचं) आधी वाचावं.

खरं काम फ्लेअरच्या मागे आहे. जुना फ्लेअर काढला तेव्हा आत चिखलाची वीतभर लांब, सुकलेली पपडी चिकटली होती. ती ओढली तर पाठीला रंग आणि गंजाचे पापुद्रे घेऊनच आली. मागच्या डाव्या कमानीत स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आरपार! तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड केला, सगळ्या कमानी घासून इपॉक्सी प्रायमर मारला, वर रंग, आतून अंडरबॉडी कोटिंग. फ्लेअरच्या किमतीपेक्षा डेंटरचं बिल जास्त झालं, आणि तेच पैसे सत्कारणी लागले असं आज ठामपणे वाटतं.

बसवताना मिस्त्री भोकं स्क्रूच्या मापाची पाडायला निघाला होता, त्याला थांबवलं. एबीएस तापल्यावर लोखंडाच्या जवळपास सातपट पसरतं. मीटरभर लांबीच्या तुकड्यात सकाळ-दुपारच्या फरकाने दोन-तीन मिलिमीटर सहज जातात. त्याला सरकायला जागा नसेल तर तो मधे फुगतो किंवा स्क्रूपाशी तडकतो. म्हणून मधलं भोक नेमकं ठेवलं, बाकीची आडवी लांबट केली आणि स्टेनलेस स्क्रूखाली रुंद वॉशर दिले. पत्र्याच्या प्रत्येक भोकाच्या कच्च्या कडेला प्रायमर लावूनच स्क्रू आवळले. फ्लेअर आणि पत्र्याच्या मधे रबरी बीडिंग आहे, पण खालचं टोक मुद्दाम उघडं ठेवलंय. पाणी आत जाणारच, त्याला बाहेर पडायला वाट हवी.

टायर २१५/७५ आर१५ आहेत. पुढची चाकं पूर्ण वळवून आणि एक चाक ओट्यावर चढवून पाहिलं, कुठे घासत नाही. लीफ स्प्रिंगच्या (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) गाडीत सपाट जमिनीवरची तपासणी पुरेशी नसते.

आता आठ महिन्यांनंतर. एकही तडा नाही. दार बऱ्यापैकी स्वच्छ राहतं. फ्लेअरचा काळा रंग मात्र उन्हाच्या बाजूला राखाडी पडू लागलाय, गाडी नेहमी एकाच दिशेला तोंड करून उभी असते. मागच्या उजव्या फ्लेअरची बीडिंग एका जागी सुटून बाहेर आली होती, ती बदलली. दसऱ्याच्या सुमारास डावा मागचा फ्लेअर मुद्दाम उघडून पाहिला. आत थोडी माती होती, पत्रा कोरा. दर धुण्याला खालच्या फटीतून पाइपचं पाणी जोरात सोडतो, त्याचाही हा गुण असावा.

किनाऱ्यालगत जिप्सी ठेवणाऱ्यांना हे काम जरूर करा म्हणेन, पण पावसाच्या तोंडावर नको. प्रायमर आणि रंग नीट सुकायला कोरडी हवा लागते, फेब्रुवारी-मार्च उत्तम. आणि स्क्रू, वॉशर, बीडिंगचा जादा संच तेव्हाच घेऊन ठेवा. तालुक्याच्या दुकानात नेमकं त्या मापाचं मिळत नाही.