रस्तेदुरुस्तीचं सॉफ्टवेअर: एक अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

नाशिकच्या सातपूर-अंबडकडचे औद्योगिक रस्ते आणि गंगापूर रोडच्या आतल्या कॉलन्यांचे रस्ते आम्ही ज्या अ‍ॅसेट मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमध्ये (रस्त्यांची नोंद ठेवून कुठे, कधी, कोणती दुरुस्ती करायची ते सुचवणाऱ्या) ठेवतो, त्याच्यावरून आता पावसाळा जाऊन गेलाय. नाव घेत नाही. या जातीची सॉफ्टवेअर आतून बरीचशी सारखीच असतात, त्यामुळे खालचं बहुतेक सगळं तुमच्याकडच्यालाही लागू पडेल. नकाशा, मोबाइलवरून फोटो, लाल-हिरव्या रेघा, हे सगळं व्यवस्थित चालतं. डेमोमध्ये तेच दाखवतात. काम अडतं ते दुरुस्तीच्या पर्यायांच्या तक्त्यावर, आणि डेमोत तिथे कुणी थांबत नाही.

प्रत्येक पर्यायाला चार गोष्टी भराव्या लागतात: तो कधी लागू व्हावा, चौरस मीटरचा दर, काम झाल्यावर रस्त्याचा पीसीआय कितीवर जाईल आणि त्यानंतर किती वर्षं तिथे पुन्हा काही सुचवायचं नाही. पीसीआय म्हणजे 0 ते 100 मधला स्थितीचा आकडा, नवा कोरा रस्ता 100. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात साधी दिसते आणि सगळा खेळ तिच्यावर असतो.

आमच्याकडे तक्ता आधीच भरून आला होता. त्यात खड्डे बुजवल्यावर पीसीआय थेट 100. नव्या कारपेटलाही, म्हणजे वर टाकलेल्या डांबराच्या नव्या थरालाही, 100. पाच वर्षांचा कार्यक्रम काढला तर जिकडेतिकडे खड्डे बुजवणे! सॉफ्टवेअरचं गणित बरोबरच होतं. एका रुपयात स्थिती किती सुधारते हे बघून ते क्रम लावतं. फायदा कारपेटइतका आणि खर्च त्याच्या पासंगालाही नाही, मग ते दुसरं काय निवडणार? (आपल्याकडे सॉफ्टवेअरशिवायही हेच निवडलं जातं, ती गोष्ट वेगळी.) मग खड्डे बुजवण्याला मोजकेच गुण वाढवून दिले आणि रस्ता खराब होण्याचा वेग होता तोच ठेवला. सीलकोट आणि मायक्रोसर्फेसिंग या पातळ वरच्या लेपांनी रस्त्याची ताकद वाढत नाही, फक्त पाणी आत जायचं थांबतं. म्हणून ते चांगल्या-मध्यम रस्त्यांपुरतेच लागू केले. कारपेटला 100 ठेवले, पण खालचा थर तडकलेला असताना वर नुसतं बीसी (डांबरी काँक्रीटचा सगळ्यात वरचा थर) ओढलं असेल तर त्याला रस्ता खराब होण्याचा वेगळा, लवकर घसरणारा वक्र जोडला. खालचे तडे वर यायला फार वेळ लागत नाही, हे सांगायला सॉफ्टवेअर नको.

दुसरी अडचण अशी की पीसीआय सारखा असला तरी दुखणं सारखं नसतं. कॉलनीतला रस्ता 55 वर आहे, कारण डांबर जुनं झालंय आणि खडी सुटतेय. एमआयडीसीतला रस्ताही 55 वर, पण तिथे चाकांच्या पट्ट्यात जाळीदार तडे आणि चाकोऱ्या. पहिल्याला वरचा थर पुरतो, दुसऱ्याचा खराब भाग उकरून डीबीएमपासून, म्हणजे बीसीखालच्या जाड डांबरी थरापासून, सुरुवात करावी लागते. कुठल्या रस्त्याला कोणता पर्याय हे ठरवणाऱ्या अटींच्या झाडाला नुसत्या आकड्यावर फांद्या फोडल्या तर दोघांना एकच औषध मिळतं. त्यामुळे पहिली फांदी भारामुळे झालेल्या नुकसानाची ठेवली आणि पीसीआय तिच्याखाली घेतला. अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअर विभागाने बनवलेल्या पेव्हर या सॉफ्टवेअरमध्ये भार आणि हवामान असा भेद पूर्वीपासून आहे. आमच्याकडे तो हाताने करावा लागला.

दरांचं सांगायचं तर आपल्या दरसूचीत बीसी आणि डीबीएम घनमीटरमध्ये, टॅककोट (दोन थर चिकटवायला मारलेलं डांबर) चौरस मीटरमध्ये. सॉफ्टवेअरला सगळं चौरस मीटरमध्ये लागतं. जाडी पर्यायाच्या नावातच लिहा: ‘बीसी 30 मिमी’, ‘बीसी 40 मिमी’. नाहीतर पुढच्या वर्षी दर बदलताना गोंधळ ठरलेला.

वर्ष एप्रिल ते मार्च करता आलं, ते एका सेटिंगचं काम होतं. पण पावसाळ्यात डांबराची कामं बंद असतात, हे त्याला समजावायची सोय नाही. मे महिन्यातल्या सर्व्हेवर काढलेला कार्यक्रम ऑक्टोबरात निम्मा शिळा होतो, विशेषतः त्र्यंबकच्या बाजूला, जिथे पाऊस शहरापेक्षा जास्त आणि साइडपट्टीवर पाणी तुंबलेलं. आता मुख्य सर्व्हे पावसाळा संपल्यावरच करतो.

मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे स्वतःचं फील्ड जोडून ते अटीत वापरता येणं. ‘खोदकाम बाकी’ असं फील्ड केलं. गॅसची किंवा पाण्याची लाइन यायची असेल तिथे ‘हो’, आणि ‘हो’ असेपर्यंत त्या रस्त्याला कारपेट सुचवायचंच नाही, फक्त खड्डे. नाशिकमध्ये 2027 च्या सिंहस्थाच्या तयारीत एवढं खोदकाम आणि एवढे नवे रस्ते एकदम चालू आहेत की या एका अटीने आमचा कार्यक्रम बराच वास्तवात आला. ज्यांची निविदा निघाली आहे ते रस्ते ‘मंजूर काम’ म्हणून आधीच अडकवून ठेवता येतात. ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी चालू असलेल्या रस्त्यांवरही असंच कुलूप लावलं, म्हणजे त्याने फुकट करून द्यायचं काम आपल्या बजेटात येत नाही.

नावडलेलं: मराठी अहवालाच्या पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटतात. ‘रस्त्याचे’ वाचता येत नाही, म्हणून एक्सेलमध्ये काढून तिकडून छापतो. पर्याय बदलल्यावर जुना तक्ता कुठेच राहत नाही. बदलायच्या आधी प्रत उतरवून घ्या. मदतकेंद्रातली मुलं सौजन्याने बोलतात, पण बीबीएम (खडी-डांबराचा आपल्याकडचा नेहमीचा थर) म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगावं लागतं.

मार्चमध्ये परवान्याचं नूतनीकरण आहे आणि ते करू असं मी साहेबांना सांगितलंय. घेणार असाल तर डेमोच्या वेळी तुमचे दहा ओळखीचे रस्ते त्यांना द्या आणि पाच वर्षांचा कार्यक्रम तुमच्यासमोर काढायला लावा. दहाच्या दहांना एकच दुरुस्ती आली, तर आधी तक्ता उघडायला सांगा, दराचं बोलणं नंतर.