फायर पंपाची एएमसी: सही मिळते, टेस्टिंग मागून घ्यावं लागतं

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार परवानाधारक एजन्सीचा 'फॉर्म बी' (अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) दर जानेवारी आणि जुलैत सादर करावा लागतो. सोसायट्या एएमसी (वार्षिक देखभाल करार) घेतात त्या मुख्यतः यासाठी. कागदाच्या बाबतीत ही सेवा बहुधा चोख असते. पंपाच्या बाबतीत तसं म्हणवत नाही.

नेहमीची व्हिजिट म्हणजे पॅनेलवरचं हिरवं बटण दाबायचं, मोटर फिरली की रिपोर्टवर 'ओके'. यात फक्त मोटर तपासली जाते. आगीच्या वेळी पंप रूममध्ये बटण दाबायला कुणी नसतं. पाइपातलं प्रेशर पडलं की पंप आपोआप सुरू व्हायला हवा. म्हणून सगळे सिलेक्टर (ऑटो-मॅन्युअल निवडायचे स्विच) ऑटोवर ठेवून ड्रेन व्हॉल्व्ह हळूहळू उघडायला लावा. आधी जॉकी (पाइपातलं प्रेशर टिकवणारा छोटा पंप), मग मेन (मुख्य इलेक्ट्रिक पंप) सुरू झाला पाहिजे. मेन बंद ठेवून पुन्हा प्रेशर पाडलं की डिझेल पंप. कोणता पंप किती प्रेशरला सुरू झाला, ते आकड्यात लिहून घ्या. जॉकी आपला आपण थांबतो, मेन मात्र हातानेच बंद करायचा असतो.

मग सर्वांत वरचा लँडिंग व्हॉल्व्ह (मजल्यावरचा, होज जोडायचा). होज लावून पाणी सोडलेलं असताना तिथे ३.५ किलो (प्रति चौ. सेमी) प्रेशर हवं. ७० मीटर उंचीच्या इमारतीत पाणी वर चढवण्यातच ७ किलो खर्च होतात. म्हणजे तेवढंच पाणी सोडलेलं असताना खाली पंपाजवळचा गेज १०.५ च्या आत असेल तर वर पुरेसं प्रेशर नाहीच. पाइपातलं घर्षण वेगळं.

जॉकी दर पाच-दहा मिनिटांनी चालू होत असेल तर गळती शोधा: लँडिंग व्हॉल्व्ह, एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह), जमिनीखालची लाइन. आवाजाची तक्रार आली म्हणून जॉकी बंद ठेवला की प्रेशर पडून मेन सुरू होतो, मग तोही मॅन्युअलवर जातो. संपूर्ण यंत्रणा अशी निकामी होते, आणि फॉर्म बी फाइलमध्ये असतो.

ग्लँडमधून (पंपाच्या शाफ्टभोवती पॅकिंग दाबून धरणारा भाग) थेंब-थेंब पाणी पडायलाच हवं. करकचून आवळली तर पॅकिंग जळतं, स्लीव्ह (शाफ्टवरचं आवरण) खरवडते. डिझेल पंप रुसतो तो बहुतेक वेळा बॅटरीमुळे. चार्जर काढून थोड्या वेळाने मोजा, १२ व्होल्टच्या चांगल्या बॅटरीला १२.६ च्या आसपास दिसायला हवेत. बॅटरी, पॅकिंग, सील करारात धरलेत का, तेही सहीआधी विचारा.

रिपोर्टमध्ये प्रेशर, तिन्ही फेजचे अँपिअर, बॅटरी व्होल्टेज, डिझेलची पातळी नसेल तर बिल थांबवा. आणि टेक्निशियन निघताना सिलेक्टर ऑटोवर असलेल्या पॅनेलचा तारीख-वेळेसह फोटो घ्याच.