रुमालाखालचा भाव

घरी घोडा पाळायचा आणि पोरांना त्यावर बसायला शिकवायचं, ही हौस सातारा-सांगली पट्ट्यात बरीच वाढली आहे. उसाचं बिल येतं, रानात शेड मारायला जागा असते, आणि मोबाईलवर रोज कुणीतरी मारवाडी घोडी नाचवत असतं. या हौसेच्या पाठीवर एक धंदा बसला आहे. आम्ही कोरेगाव तालुक्यातले. पोलिसांत अर्ज दिलेला असल्यामुळं नावं टाकत नाही, पण धंदा कसा चालतो ते सविस्तर सांगतो.

घोडं घेताना विकणारा फसवतो, असं सगळे धरून चालतात. आमच्याकडं फसवणारा होता तो शिकवणारा. 'नवशिक्यांना घरी येऊन घोडेस्वारी शिकवतो' अशी त्याची जाहिरात. माझी मुलगी नववीत. आधी त्यानं स्वतःच्या एका गरीब, वयस्कर घोड्यावर तिला शिकवलं. टाच खाली, नजर समोर, लगाम हलका, घोड्याच्या मागून जायचं नाही, हेल्मेटशिवाय बसायचं नाही. शिकवणं अस्सल होतं, हे मी आजही म्हणेन. विश्वास त्यानंच बसतो. मग एक दिवस म्हणाला, "दादा, पोरीचा हात चांगला बसलाय. दुसऱ्याच्या घोड्यावर किती दिवस? घरचं घ्या, मी तयार करून देतो."

घोडी फलटणच्या बाजूला एका शेडवर दाखवली. कुमैत रंग, म्हणजे तांबूस अंग आणि काळी आयाळ, कपाळावर टिळा, कानांची टोकं कमानीसारखी एकमेकांकडं वळलेली. "साठ इंची, सहा वर्षांची, देवमण आहे," विकणारा म्हणाला. देवमण म्हणजे शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा. मग अर्धा तास गप्पा फक्त भोवऱ्यांवर. कुठला भोवरा शुभ, कुठला धन्याला खातो. पायांबद्दल एक शब्द नाही. आम्ही सकाळी येणार होतो, तर दुपारी बोलावलं गेलं. पोचलो तेव्हा खोगीर चढवून तयार, आणि खोगिराच्या कडेनं अंग घामानं ओलं. त्याचा अर्थ पुढं डॉक्टरांनी सांगितला. आखडलेला पाय चालून चालून मोकळा होतो, आणि दमलेलं जनावर गरीब दिसतं. पळवूनही दाखवली ती नांगरलेल्या मऊ रानात. लंगडणं दिसतं ते कडक जमिनीवर, दुडकी चालीत आणि गोलात फिरवताना. दुखरा पुढचा पाय टेकला की डोकं वर जातं, चांगला टेकला की खाली येतं. मऊ रानात हे झाकून जातं. वय दाखवायला ओठ उचलला, बोट दाखवलं, सोडला.

भाव ठरला रुमालाखाली. बैलबाजारात बघितलेलं असतं ना, वर उपरणं टाकून आत बोटं दाबतात, तसंच. फरक एवढाच, की आमच्या वतीनं आत हात घातला तो शिकवणाऱ्यानं. "तुम्हाला बोटं कळायची नाहीत दादा." बाहेर येऊन आकडा सांगितला 1,85,000. निम्मे रोख, निम्मे त्याच्या खात्यावर, कारण म्हणे विकणाऱ्याला बँकेचं झेंगट नको होतं. पावतीवर लिहिलं 'कुमैत घोडी, एक'. वय नाही, उंची नाही, अंगावरच्या खुणा नाहीत.

खरी कमाई इथून पुढं सुरू झाली. घोडी घरी आली आणि काही दिवसांत पुढच्या डाव्या पायाला जपायला लागली. खोगीर बघितलं की कान मागं टाकायची, दात दाखवायची. शिकवणारा म्हणाला, "घोडी ठीक आहे. पोरीचा हात जड झालाय, म्हणून रुसलीय." मुलगी रडली. ती दोष स्वतःलाच देत राहिली, आणि नवशिक्याच्या याच शंकेवर त्याचं सगळं दुकान चालतं. मग घोडीला 'वेगळं ट्रेनिंग', त्याची वेगळी फी. त्याच्याच ओळखीचा नालबंद. तोंडात काटेरी लगाम. आणि खुराकात टाकायला 'टॉनिक'ची पुडी, वर लेबल नाही. पुडी चालू असली की घोडी बरी चालायची, संपली की लंगडायची. तो म्हणायचा, बघा, टॉनिक लागू पडतंय.

शेवटी घोडी टेम्पोत घालून शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, खायला काय देता? पुडीचं सांगितल्यावर म्हणाले, आधी ती बंद करा आणि मग आणा. बंद केल्यावर घोडी डांबरी रस्त्यावर चार पावलंही सरळ टाकेना. फिनाइलब्युटाझोन नावाचं वेदनाशामक घोड्यांना देतात, तसलंच काही असावं असा त्यांचा अंदाज. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते औषधच आहे, पण महिनोन्महिने खुराकात गेलं तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. दुखणं खुराच्या आतलं आणि जुनं निघालं. दातांचंही कळलं. वरच्या कडेच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी एक खाच उमटते, पंधराला निम्म्या दातावर येते, विसाला खालपर्यंत पोचते. हिची निम्म्याच्या खाली गेली होती. खाचेवरून अंदाजच बांधता येतो हे मान्य, पण सहा आणि सोळा यांत अंदाजाची चूक होत नाही.

विकणाऱ्याला फोन लावला तर तोच उसळला. "सोळाचीच आहे, वरातीतली आहे, तुमच्या माणसाला सगळं सांगून दिली. मला एक दहाच मिळाले!" म्हणजे 1,10,000. रुमालाखालचा खरा भाव असा बाहेर आला. हा कॉल रेकॉर्ड झाला, तेवढं नशीब.

म्हणून सांगतो, जो शिकवतो त्याला व्यवहारात घेऊ नका. डॉक्टर तुम्ही शोधा, दोघांच्याही ओळखीचा नसलेला. न कळवता जा, घोडं बांधलेलं असताना बघा, पायांवरून हात फिरवा, खोगीर तुमच्यासमोर चढवायला लावा आणि आधी मालकाला बसू द्या. रक्ताचा नमुना त्याच दिवशी काढून घ्या, औषधाची शंका त्यातच फिटते. ग्लँडर्सची तपासणी तर सोडूच नका. तो रोग माणसालाही होतो आणि जनावर मारावं लागतं. सरकारी दवाखान्यातून नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जातो. देवमण नंतर बघा. पैसे विकणाऱ्याच्याच खात्यावर टाका, आणि कागदावर वय, खुणा, चारही बाजूंचे फोटो आणि 'लंगडत नाही, औषध दिलेलं नाही' हे वाक्य घ्या. हे लिहून द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्या दारातून परत फिरा.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली, म्हणजे फसवणुकीचा, अर्ज दिला आहे, ग्राहक आयोगात तक्रारीची तयारी चालू आहे. शिकवणारा फोन उचलत नाही, पण उन्हाळी शिबिराची त्याची जाहिरात वाईच्या बाजूला फिरते आहे असं कळलं. विकणारा मध्यंतरी घोडी 40,000 ला परत घ्यायला तयार झाला. घरचे म्हणाले, देऊन टाक, खुराकाचा खर्च तरी वाचेल. दिली नाही. त्याच्याकडं गेली असती, तर पुडी चारून, अंगावर घाम आणून पुन्हा कुणाच्या तरी पोरीसाठी सहा वर्षांची झाली असती.