बालसंधिवाताच्या रुग्णांसाठीची हस्तांतर ओपीडी: एका पालकाचा अभिप्राय

वयाच्या 16 वर्षांआधी सुरू होणारा संधिवात, म्हणजे जेआयए (जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस), मूल मोठे झाले की आपोआप जातो, असे आपल्याकडे अनेकजण समजतात. प्रत्यक्षात बऱ्याच मुलांना अठराव्या वर्षानंतरही औषधे चालू ठेवावी लागतात आणि नेमके त्याच वेळी बालरोग विभागाचे दार बंद होते. पुण्यातील एका खासगी रुग्णालयाने यासाठी स्वतंत्र हस्तांतर ओपीडी ठेवली असून तेथे बालसंधिवाततज्ज्ञ आणि प्रौढांचे संधिवाततज्ज्ञ रुग्णाला एकत्र तपासतात. माझी मुलगी याच मार्गाने मोठ्यांच्या विभागात गेली.

या सेवेची सर्वांत जमेची बाजू म्हणजे प्रश्न थेट मुलीला विचारले जातात. "मेथोट्रेक्सेट कोणत्या वारी घेतेस?" या प्रश्नावर तिने सवयीने माझ्याकडे पाहिले, मीही उत्तर द्यायला सरसावले, तेव्हा नव्या डॉक्टरांनी "आई, तिला सांगू द्या" असे म्हणून मला शांतपणे थांबवले. आठवड्यातून एकदाच घ्यायची ही संधिवाताची गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते, त्यामुळे वार तिच्याच तोंडून वदवून घेणे मला रास्त वाटले. त्यानंतर मला बाहेर बसवून मद्यपानाचा यकृतावर होणारा परिणाम आणि हे औषध चालू असताना गर्भधारणा का टाळायची, हे तिला मोकळेपणाने समजावले गेले. माझ्यासमोर तिने यातले काहीही विचारले नसते. अडालिमुमॅब या बायोलॉजिक (प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या जैविक) औषधाचे इंजेक्शन-पेन फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवून मांडीत कसे टोचायचे, हेही सिस्टरांनी तिच्याच हातून करवून घेतले.

त्रुटी मात्र गंभीर आहे. हस्तांतराच्या पत्रात प्रत्येक सांध्याची आणि डोसची नोंद होती, पण डोळ्यांचा उल्लेखही नव्हता. या आजारात होणारा युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतील दाह, अनेकदा डोळा लाल न होता, न दुखता दृष्टीचे नुकसान करतो, रक्ताची एएनए ही तपासणी पॉझिटिव्ह असलेल्या मुलांना त्याचा धोका अधिक असतो आणि तो नेत्रतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकातून करतात त्या स्लिट लॅम्प तपासणीतच वेळेवर सापडतो. बालविभागातून या तपासणीसाठी आठवणीचा फोन येत असे. नव्या विभागात ती जबाबदारी कोणाचीच नाही, आणि मी विचारले तेव्हा "नेत्रविभागात वेगळी अपॉइंटमेंट घ्या" एवढेच उत्तर मिळाले. दोन विभाग एकाच इमारतीत असताना हे व्हावे, याचे नवल वाटते.

ओपीडी कामाच्या दिवशी सकाळी असल्याने कॉलेजची प्रॅक्टिकल्स बुडतात. फी दोन्ही डॉक्टरांची मिळून एकच आहे, ही सोय मानावी लागेल.

येथे जाणाऱ्यांनी डोळ्यांचा शेवटचा अहवाल, लसीकरणाची नोंद आणि बायोलॉजिक सुरू करण्यापूर्वी केलेल्या क्षयाच्या तपासण्यांचे कागद सोबत न्यावेत. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी त्या दिवशी दोन्ही डॉक्टर हजर आहेत ना, हे फोनवर विचारूनच निघावे, कारण एकच डॉक्टर असतील तर ती नेहमीचीच ओपीडी ठरते.